टाकीतली काठी

शनिवारी दुपारी एकला शाळा सुटली. नववीतल्या दोघी गच्चीवर गेल्या, सिमेंटच्या टाकीचं झाकण सरकवलं आणि बांबूची काठी सरळ तळापर्यंत सोडली. काठीवर दर सेंटिमीटरला ब्लेडने खूण केलेली. काठी वर काढून ओल कुठवर आली ते पाहिलं आणि वहीत लिहिलं : ८६. सोमवारी सकाळी सातला, शाळेजवळच राहणाऱ्या एकीने पुन्हा काठी सोडली. या वेळी ७१. मधल्या बेचाळीस तासांत शाळेत कुणी आलं नव्हतं, मोटार लागली नव्हती, आणि तरी पाणी पंधरा सेंटिमीटर उतरलं होतं.

टाकी आतून दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. म्हणजे तळ तीन चौरस मीटरचा, आणि पाणी एक सेंटिमीटर उतरलं की तीस लिटर गेलं. पंधरा सेंटिमीटरचे साडेचारशे लिटर झाले. कुणी प्यायलं नाही, कुणी हात धुतले नाहीत, मग ते गेलं कुठे?

सोमवारचा विज्ञानाचा तास याच प्रश्नावर गेला. मुलांनी सगळ्या तोट्या पाहिल्या. तीन तोट्या ठिबकत होत्या. प्रत्येकीखाली एक लिटरची बाटली धरली आणि घड्याळ लावलं. बाटली भरायला साधारण अठरा मिनिटं लागली. दिवसाची मिनिटं १,४४०. त्याला अठराने भागलं की एका तोटीचे ८० लिटर. तीन तोट्यांचे २४०, आणि बेचाळीस तासांचे ४२०. टाकीतून गेले ४५०, तोट्यांनी खाल्ले ४२०. उरलेले तीस लिटर म्हणजे काठीवरची एक खूण, आणि काठी वाचताना एका खुणेची चूक सहज होऊ शकते. हिशेब जुळला. तीन तोट्यांचे वायसर बदलले. पुढच्या शनिवारी-सोमवारी काठी जवळजवळ हललीच नाही.

एवढं साधं काम, पण विद्यार्थ्यांच्या संशोधनाचे सगळे भाग त्यात येतात : आपल्याला गाठता येईल असा प्रश्न, आपल्या हाताने घेतलेलं माप, तेच दुसऱ्या वाटेने तपासणं, चुकीला जागा ठेवणं, आणि काही बदलल्यावर पुन्हा मोजणं. गावाच्या पाण्याचा हिशेब मांडायचा तर हेच करायचं असतं, फक्त टाकीच्या जागी शिवार येतं.

पर्यावरणाचा प्रकल्प आज आपल्याकडे शाळा-कॉलेजात सर्वांना ओळखीचा आहे. शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर पर्यावरण शिकवावं असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिले आणि २००३ मध्ये त्यांची अंमलबजावणी व्हावी म्हणून पुन्हा बजावलं. पदवीच्या सर्व शाखांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला, त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिलं. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून दहा ते सतरा वर्षांच्या मुलांना आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन काम करायला लावते. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही कृती-संशोधन प्रकल्प असतो. वाट तयार आहे. पण बऱ्याच ठिकाणी प्रकल्प म्हणजे बाजारातून आणलेली फाइल, इंटरनेटवरून उतरवलेली दहा पानं आणि शेवटी ‘पाणी हेच जीवन’. त्या दहा पानांत मुलाने स्वतः पाहिलेला एकही आकडा नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या मुलीने कडक उन्हात विहिरीच्या काठावर ओणवं होऊन टेप सोडलाय, तिला भूजल हा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

सुरुवात प्रश्नापासून. ‘पाणीटंचाई : कारणे व उपाय’ हे प्रकरणाचं नाव झालं, तो प्रश्न नव्हे. ‘खालच्या वाडीतली विहीर मे महिन्यापर्यंत टिकते आणि वरच्या वाडीतली फेब्रुवारीतच का आटते?’ हा प्रश्न आहे. त्याला उत्तर असू शकतं, आणि ते सायकलवरून जाऊन शोधता येतं. माझा मुलांना एकच निकष असतो : उत्तर ‘हो’ आलं तर वहीत काय दिसेल आणि ‘नाही’ आलं तर काय दिसेल, हे आधी सांगता आलं पाहिजे.

पहिलं माप पावसाचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हे एक वाक्य मुलांच्या मनात बसलं की पुढचं निम्मं गणित आपोआप सुटतं. पर्जन्यमापक घरीही होतो. सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली वरून कापायची आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यातच बसवायचा, म्हणजे जमलेलं पाणी उन्हाने उडत नाही. बाटलीचा तळ खड्ड्याखड्ड्यांचा असतो, म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत आधी पाणी भरून घ्यायचं आणि तिथे शून्याची रेघ मारायची. त्यावर चिकटवलेली मोजपट्टी थेट मिलिमीटर सांगते. मोजपात्र असेल तर आणखी चांगलं. नरसाळ्याचं तोंड दहा सेंटिमीटर व्यासाचं असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे ७.८५ मिलिलिटर पाणी जमलं की एक मिलिमीटर पाऊस.

बाटली ठेवायची कुठे, यावर मात्र फार घाई होते. भिंतीला टेकून किंवा लिंबाखाली ठेवलेला मापक पाऊस मोजत नाही, आडोसा मोजतो. जवळच्या झाडाच्या किंवा इमारतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मोकळं हवं. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही त्याच वेळी घेतं आणि आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

एकदा गणपतीच्या सुट्टीनंतर एक मुलगी वही घेऊन आली. “बाई, चार दिवस कुणी वाचलंच नाही. शून्य लिहू का?” तिने विचारलं म्हणून बरं. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. न वाचणं म्हणजे पडला की नाही ते ठाऊक नाही. वहीत या दोन्हींसाठी वेगळी खूण लागते. साठलेलं सगळं पाणी पाचव्या दिवशी एकत्र मोजायचं, पुढे ‘पाच दिवसांचं मिळून’ असं लिहायचं आणि मधल्या रकान्यांत आडवी रेघ मारायची. आम्ही त्या दिवसापासून तसं करतो. संशोधनात प्रामाणिकपणा म्हणजे काय, ते मुलांना त्या आडव्या रेघेतून जितकं कळलं तितकं माझ्या कुठल्याच भाषणातून कळलं नसतं.

दुसरं माप विहिरीचं, आणि माझ्या मते सगळ्यांत शिकवणारं. लागतो तो कपडे शिवणाऱ्याचा टेप नव्हे, गवंड्याचा लांब टेप, त्याच्या टोकाला बांधलेलं लहानसं वजन, आणि खडू. टेपाच्या खालच्या मीटरभर भागाला खडू चोळायचा आणि तो भाग पाण्यात शिरेल असा टेप सोडायचा. वरच्या काठाशी टेपावर कोणता आकडा आहे तो बघायचा. मग टेप ओढून घ्यायचा. जिथवर खडू भिजला तिथवर तो गडद दिसतो. काठाच्या आकड्यातून भिजलेला भाग वजा केला की पाणी किती खोल आहे ते मिळतं. अंधाऱ्या विहिरीत डोकावून अंदाज करण्यापेक्षा ही पद्धत सुरक्षित आणि नेमकी. कठडा नसलेल्या विहिरीवर मुलं एकटी जात नाहीत, घरचं मोठं माणूस सोबत असतं, ही आमची अट आहे.

पहिल्या वर्षी एकाच विहिरीचे दोन गटांनी आणलेले आकडे सत्तर सेंटिमीटरने वेगळे आले. दोन्ही गट हटून बसले. शेवटी सगळे मिळून विहिरीवर गेलो. एका गटाने कठड्याच्या माथ्यापासून मोजलं होतं, दुसऱ्याने जमिनीपासून, आणि कठडा बरोबर सत्तर सेंटिमीटरचा होता. तेव्हापासून प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर तांबड्या ऑइलपेंटचा ठिपका आहे. माप त्या ठिपक्यापासूनच घ्यायचं आणि कठड्याची उंची नंतर वजा करायची. दुसरी खबरदारी मोटारीची. उपसा चालू असताना किंवा नुकताच थांबल्यावर मोजलं तर विहीर खोटं बोलते, तिची पातळी तात्पुरती खाली गेलेली असते. म्हणून पहाटे, मोटार लावण्याआधी.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून हेच काम करते, ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. पण एका पाणलोटात निरीक्षण विहिरी मोजक्या असतात. मुलांनी महिन्यातून एकदा गावातल्या दहा-बारा विहिरी मोजल्या, तर वरची वाडी आणि खालची वाडी यांतला फरक त्यांच्याच वहीत उमटतो.

तिसरं माप वापराचं. “तुमच्या घरी रोज किती पाणी लागतं?” असं विचारलं की येतं ते माप नसतं, अंदाज असतो. एका आजींनी आमच्या मुलाला फार छान उत्तर दिलं : “बाळा, भरणारीला हंडे ठाऊक, लिटर नाही.” म्हणून प्रश्न बदलला. आधी त्या घरातला हंडा, कळशी, बादली, एक लिटरच्या मापाने भरून मोजायची. हंडा काही सगळीकडे सारख्या मापाचा नसतो. मग तीन दिवस घरातल्यांनी दाराआड कोळशाने रेघा ओढायच्या, एका हंड्याला एक रेघ. घरं निवडताना शाळेजवळची सोयीची घरं घेऊन भागत नाही. गावठाण, वस्त्या, दलितवस्ती, मळ्यातली घरं, प्रत्येकातली काही हवीत, नाहीतर नळ दारात असलेल्यांचा वापर हाच गावाचा वापर ठरतो. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर धरलेत. मुलांच्या वहीत एकाच गावात या आकड्याच्या वरची आणि पार खालची, दोन्ही घरं येतात, आणि वर्गात कुणीही न सांगता शांतता पसरते.

आता ताळेबंद. आकडे मी सोपे घेते, म्हणजे रीत दिसेल. समजा गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर. हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, अर्थात दहा घनमीटर. सगळा मिळून ५० लाख घनमीटर. गावच्या हिशेबात एक हजार घनमीटरला टीसीएम म्हणतात, तर हे ५,००० टीसीएम झालं. आकडा ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात. दुष्काळी गावात एवढं पाणी?

पण यातलं बरंचसं मातीत ओल होऊन राहतं आणि पिकं, गवत, झाडं ते हवेत सोडतात. काही ओढ्याने वाहून जातं. जमिनीत खोल मुरून विहिरीला मिळतं ते थोडंच. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बसाल्टवर वसलेला आहे, आणि कातळात पाणी शिरायला जागा कमी. विहिरी खोदलेल्या जुन्या माणसांना हे पाठ असतं : मुरमात पाणी, मांजऱ्या दगडात पाणी, काळ्या पाषाणात फट लागली तरच. देशात भूजलाचा अंदाज बांधण्यासाठी १९९७ मध्ये जी पद्धत ठरली, तिच्यात झिजलेल्या बसाल्टसाठी पावसाच्या ७ टक्के आणि सच्छिद्र, भेगाळ बसाल्टसाठी १३ टक्के मुरतं असं धरलंय. आपण ७ धरू. ५,००० टीसीएमचे ७ टक्के म्हणजे ३५० टीसीएम. वर्षभर विहिरींच्या भरवशावर जे काही करायचं ते यात.

हा आकडा पुस्तकातल्या टक्केवारीवरून आला, म्हणून दुसऱ्या वाटेने तपासायचा. इथे विहिरींची वही कामाला येते. मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर, दोन्ही वेळच्या पातळ्या आपल्याकडे आहेत. समजा सरासरी दोन मीटरने पाणी वर आलं. आता १,००० हेक्टरखालचा दोन मीटर जाडीचा थर म्हणजे दोन कोटी घनमीटर, पण तो थर पाण्याचा नाही, दगडाचा आहे. अशा खडकाच्या शंभर लिटरमागे साधारण दोन लिटर पाणी सुटून हाती येतं. दोन टक्के धरले तर ४०० टीसीएम. एका वाटेने ३५०, दुसरीने ४००. दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेले आकडे इतके जवळ येणं ही मोठी गोष्ट आहे. ते दुप्पट-तिप्पट वेगळे आले असते, तर कुठे चुकलं ते शोधावं लागलं असतं. डोंगराचा भाग वगळायचा राहिला का? पावसाळ्यातच उपसा झाला का? मोजलेल्या सगळ्या विहिरी ओढ्याकाठच्याच होत्या का? खरा अभ्यास तिथे सुरू होतो.

खर्चाची बाजू. वस्ती दोन हजार, माणशी ५५ लिटर, वर्षाचे दिवस ३६५ : चार कोटी लिटर, म्हणजे ४० टीसीएम. मोठी जनावरं एक हजार, रोज साठ लिटर धरले तर २२ टीसीएम. माणसं आणि जनावरं मिळून ६२. साडेतीनशेपैकी बासष्ट! मग टंचाई कशी?

मुलं मग पिकांकडे वळतात. उसाला पूर्ण वाढीसाठी दीड ते अडीच मीटर पाणी लागतं. दोन मीटर धरू, त्यातला अर्धा मीटर पावसाने दिला, उरला दीड मीटर. गावात फक्त वीस हेक्टर, म्हणजे पन्नास एकर ऊस असेल तर वीस गुणिले दीड, तीस हेक्टर-मीटर, म्हणजे ३०० टीसीएम. पाटाने दिलेल्या पाण्यातलं काही परत मुरतं, ठिबक असेल तर थोडं कमी लागतं, हे मान्य करूनही आकडा डोळ्यांसमोरून जात नाही. गावाच्या जमिनीचा पन्नासावा भाग, आणि पाणी सगळ्या माणसांच्या पिण्या-वापरण्याच्या साडेसात पट. याउलट रब्बी ज्वारीला साडेसात सेंटिमीटरचं एक संरक्षित पाणी शंभर हेक्टरवर दिलं तरी ७५ टीसीएम.

हे कळल्यावर वर्गात नेहमी कुणीतरी म्हणतं, “बाई, आमचा ऊस आहे.” त्या मुलाच्या घरचं कर्ज, कारखान्याचा खात्रीचा भाव, सगळं खरं असतं. म्हणून आमच्या वहीत शेतकऱ्याचं नाव कधीच लिहिलं जात नाही, फक्त पीक आणि क्षेत्र लिहितो. विहीर मोजायला परवानगी आधी मागतो आणि निष्कर्ष पहिल्यांदा त्याच लोकांना दाखवतो. आरोप करायला मुलं पाठवली तर पुढच्या वर्षी कुणी कठड्याला हात लावू देणार नाही, आणि ते योग्यच असेल.

या हिशेबाचं पुढे काय होऊ शकतं, त्याची उदाहरणं जवळच आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून त्यावर ग्रामसभेत रब्बीची पिकं ठरवण्याची रीत घातली. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘सितारा’ केंद्राचे विद्यार्थी गावांत जाऊन पाणीयोजनांचा अभ्यास करत आले आहेत, आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावनिहाय ताळेबंदाची रीत आयआयटीनेच बसवून दिली. तिच्यात मातीची जाडी, उतार, रोजचा पाऊस, पिकाचा टप्पा, सगळं येतं. आमची बेरीज-वजाबाकी तिच्यापुढे ढोबळ आहे, पण धागा तोच आहे : आलं किती, मुरलं किती, गेलं किती.

मागे एका प्रदर्शनात आमच्या मुलांची वही आणि तिच्याशेजारी बांबूची काठी मांडली होती. परीक्षक थांबले, विचारलं, “मॉडेल कुठाय?” आणि पुढे गेले. दिवे लागणाऱ्या धरणाला बक्षीस मिळालं. मुलं हिरमुसली, मीही. मला अजूनही वाटतं की परीक्षकांनी वहीचं एक पान उलटून एवढंच विचारायला हवं होतं : हा आकडा कसा आणलास? त्या मुलांनी पाच मिनिटं न थांबता सांगितलं असतं.

एका वर्षाच्या आकड्यांवरून फार बोलता येत नाही. एखादं वर्ष ओलं, एखादं कोरडं. वरच्या वाडीतली विहीर लवकर आटते त्याला उतार कारण आहे की शेजारचं बोअर, हे चार-पाच वर्षांच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्यावरच उलगडायला लागतं. आणि मुलं तर दर वर्षी वरच्या वर्गात जातात, दहावी झाली की शाळा सोडतात. म्हणून आमच्याकडे एप्रिलमध्ये परीक्षा आटोपली की जाणाऱ्या मुली आठवीतल्या दोघीतिघींना घेऊन निघतात. तांबड्या ठिपक्यांच्या विहिरी एकेक करून दाखवतात, खडू कुठवर चोळायचा ते दाखवतात. दोघी आपापलं वाचन घेतात, वेगळं आलं तर पुन्हा घेतात. दोन्ही आकडे जुळले की जुनी मुलगी वहीत नव्या मुलीचं नाव लिहिते आणि काठी तिच्या हातात देते.